मामाजींचा समोरचा दात

झाकलेली कुठलीही वस्तू माझ्या सासऱ्यांच्या हातून आजवर सुटलेली नाही. झाकलेली म्हणजे नुसती भांडी नव्हेत. मातीखालचं बी, कोंबडीखालची अंडी, गवतात पिकायला घातलेले आंबे, मोटरचा स्टार्टर, पाहुण्याने आणलेला पण अजून हातात न दिलेला पुडा, हे सगळं त्यांच्या लेखी झाकलेलंच. आत काहीतरी होऊन राहिलं आहे आणि ते आपल्याला न दाखवता होऊन राहिलं आहे, ही कल्पनाच त्यांना सोसत नाही. आमच्या मूल तालुक्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. तर हे आमचे मामाजी. उंच, काटक, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उभा जन्म गेलेला, स्वभावाने गाय, आणि हात मात्र सदा शिवशिवणारे.

मला पाहायला चंद्रपूरला आमच्या घरी आले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे. थोडा वेळ मान तिरपी करून ऐकलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "हे लंगडून राह्यलं जी. पेचकस आहे का घरी?" आता मुलीचे वडील, नाही कसं म्हणणार? त्यांनी पेचकस आणून दिला. पोहे संपेपर्यंत घड्याळाची सगळी आतडी आईच्या नव्या टेबलक्लॉथवर मांडलेली होती. ते घड्याळ पुन्हा चाललं नाही. पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "कसे वाटले?" वडील म्हणाले, "माणूस सरळ आहे, पोटात काही ठेवणारा नाही. पोरीने हो म्हणायला हरकत नाही. पण घड्याळ गेलं." मी हो म्हटलं. मुलगा शाळेत मास्तर होता, त्याचे हात शांत होते.

सासरी आले तेव्हा कळलं की या घरात भात वर्षानुवर्षं कच्चा शिजतो. आत्याबाईंच्या हाताचा दोष नाही. भात शिजत असताना मामाजी चार वेळा झाकण उचलून आत डोकावतात. आत्याबाई झाकणावर वरवंटा ठेवतात, मामाजी आधी वरवंटा उचलतात, मग झाकण. परसात वालाच्या शेंगा लावल्या की रोज सकाळी एक बी उकरून पाहायचं, त्याला कोंब फुटला असेल तर शाबासकी द्यायची आणि परत पुरायचं. शेजारच्यांचा वेल छपरावर चढतो, आमचा वेल मामाजींच्या कौतुकाने मरतो. खुडूक कोंबडी तर त्यांच्या पावलांचा आवाज ओळखते. आम्ही कोणीही जवळ गेलो तर ती डोळे मिटून बसून राहते, मामाजी अंगणात आले की पिसं फुलवून चोच उगारते. "हिले काऊन राग येते बापा माह्यावर?" म्हणून वर तेच विचारतात.

एकदा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरून पडले आणि मनगटाचं हाड मोडलं. चंद्रपूरला नेऊन प्लास्टर घातलं. पुढच्या आठवड्यात मी गावी गेले, तर स्वारी अंगणात बसून विळ्याने प्लास्टर कापत होती. मी किंचाळलेच. मामाजी शांतपणे म्हणाले, "पाहून राह्यलो, सूनबाई. डॉक्टरनं आतमधी काईच नाई टाकलं, नुसतं वरून पांढरं लिपलं. हाड जुळते कायच्यानं?" मी कपाळाला हात लावला. ते मनगट आजही जरा तिरपं आहे आणि मामाजी ते पाहुण्यांना अभिमानाने दाखवतात, "पाहा, जुळलं का नाई?"

आणि देवाची करणी अशी, की याच माणसाच्या तोंडात मला एक गोष्ट पुरून ठेवायची वेळ आली, जी सहा महिने कोणीही उकरायची नव्हती.

मी हिरड्यांची डॉक्टर. मूलला माझा दवाखाना आहे; आम्ही दोघं तिथेच राहतो, मामाजी आणि आत्याबाई गावी. हिरड्यांचा वेगळा डॉक्टर असतो हेच पुष्कळांना पटत नाही. लोक येतात, खुर्चीत बसायच्या आधीच "हलून राह्यला, काढून टाका" म्हणतात, आणि मी "वाचवू" म्हटलं की माझ्याकडे संशयाने पाहतात. हिला काढता येत नसेल, असा त्यांचा सरळ अंदाज. मामाजी मात्र माझ्या दवाखान्यात कधी पेशंट म्हणून आलेच नव्हते. यायचे ते स्टूल, पंखा किंवा नळ उघडायला. दात दाखवा म्हटलं तर तोंड घट्ट मिटून घ्यायचे. जगातली सगळी झाकणं उघडणारा हा माणूस स्वतःचं तोंड तेवढं उघडायचा नाही.

त्याला कारण होतं, आणि त्यासाठी आत्याबाईंबद्दल सांगायला हवं. आत्याबाईंना ऐकू येत नाही. तरुणपणी एका तापात कान गेले. मुलाने नागपूरहून कानाची मशीन आणून दिली, ती त्या लग्नाकार्याला घालतात, दागिना म्हणून. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून त्यांना सगळं समजतं; पाठ फिरली की जग बंद. फक्त एक गोष्ट त्यांना पाठीमागूनही ऐकू येते, ती म्हणजे मामाजींची शीळ. दोन्ही हात चिखलात असल्यामुळे तोंडात बोटं घालून नव्हे. जीभ समोरच्या वरच्या दातांमागे टेकवून ते अशी काही बारीक, धारदार शीळ घालतात की दोन बांध्या पलीकडचे बैल कान टवकारतात. चहाची वेगळी, घरी चला म्हणायची वेगळी. आत्याबाई वाकलेल्या असल्या तरी पट्कन मान वर करतात. कानाचे डॉक्टर म्हणाले, काही जणांचे खालचे सूर जातात, पण उंच सूर शाबूत राहतात. आत्याबाईंना ते पटलं नाही. "सुराचं काय घेऊन बसली, सूनबाई? त्यायची शिटी आहे ते. मले नाई येणार तं कोणाले येईन?"

आता यात कौतुक आहेच, पण नुसतं कौतुक नाही. आमची शेवटची बांधी जंगलाला लागून आहे. जंगलात वाघ आहे, ही आमच्याकडे बातमी नव्हे. तो काठावर आला की लोक ओरडतात, डबे वाजवतात, आणि वाकून काम करणाऱ्या बाया उठून एकत्र होतात. आत्याबाई वाकलेल्याच राहतात, कारण त्यांच्यापर्यंत ओरडणं पोचत नाही. म्हणून त्यांच्यासाठी एक तिसरी शीळ होती, लांब आणि न थांबणारी. ती ऐकली की हातातलं टाकून मामाजींकडे यायचं, असं दोघांचं ठरलेलं.

त्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत जंगलाच्या काठाला झुडूप हललं. बाया ओरडल्या, उठल्या. आत्याबाई पार टोकाला, पाठमोऱ्या, धानाचे पऱ्हे लावण्यात दंग. मामाजींनी शीळ घातली आणि तोंडातून नुसता वारा निघाला. पुन्हा घातली, पुन्हा फुस्स. मग तो म्हातारा गुडघाभर चिखलातून असा धावत सुटला की बाया आजही सांगतात. त्यांनी आत्याबाईंना दंडाला धरून ओढलं, दोघंही पऱ्ह्यांच्या पेंढ्यांवर आडवे झाले. झुडपातून बाहेर आलं ते रानडुक्कर, आणि तेही या दोघांना पाहून परत गेलं. आत्याबाई भलत्याच संतापल्या. "शिटी काऊन नाई मारली? साडी खराब केली ना माही!"

दुसऱ्या दिवशी मामाजी एसटीने एकटेच माझ्या दवाखान्यात आले. खुर्चीत बसले. खुर्चीला एवढी बटणं, पण त्यांनी एकालाही हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गंभीर आहे. त्यांनी आपणहून तोंड उघडलं. वरचा समोरचा एक दात जिभेनेसुद्धा हलत होता. कधीपासून हलत होता ते त्यांनाच माहीत. मी काढून टाकेन या भीतीने लपवला होता. "सूनबाई," ते म्हणाले, "दात गेला तं जाऊ दे. म्हातारा माणूस आहो, बोळक्या तोंडानं खाईन. पण शिटी गेली तं हिले बोलावू कसा?"

मी रागावणार होते. खर्ऱ्यावरून तर जन्मभराचं भांडण उकरून काढणार होते. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी निघते, मग खुशाली. पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते सगळं बाजूला ठेवलं. मी एक्स-रे काढला. दाताच्या एका बाजूचं हाड खोलवर खाल्लं गेलं होतं, बाकीच्या बाजूंनी मात्र भिंत उभी होती. म्हणजे आशा होती. दात काढून नकली बसवला असता तर खायला चाललं असतं, पण नकली दातातून तीच शीळ येईल याची खात्री कोण देणार?

मी त्यांना समजावून सांगितलं. हिरडी उघडायची, आतली घाण साफ करायची. पण नुसतं साफ करून बंद केलं तर वरची कातडी भराभर खाली उतरते आणि रिकामी जागा भरून टाकते. हाड आणि दाताला धरून ठेवणारे धागे सावकाश वाढतात, त्यांना जागाच उरत नाही. "म्हणजे गवत धानाच्या अगोदर येते, तसं," मी म्हटलं. म्हणून मधे एक पडदा ठेवायचा, कोलॅजेनचा. आपली कातडी, हिरडी, हाड ज्या धाग्यांनी बांधलेलं असतं, तेच कोलॅजेन. तो कातडीला अडवून धरतो, सावकाश वाढणाऱ्यांना वेळ देतो, आणि काम झालं की आतल्या आत विरून जातो.

मी तो पडदा दाखवला. कागदाच्या चिटोऱ्याएवढा पांढरा तुकडा. मामाजींनी विचारलं, "कायचा बनते हा?" मी सांगितलं, माशापासून. त्यांचा चेहरा उजळला. "मरळ का रोहू?" मी म्हटलं, कुठला मासा ते मलाही माहीत नाही, आपल्या तळ्यातला नसणार. "काऊन? आपल्या तळ्यात का कमी आहेत मासोळ्या?" मग जरा गंभीर होऊन त्यांनी खरा प्रश्न विचारला. "अन् मंग उघडून कधी पाहाचा?"

"उघडायचा नाही."

"थोडासा?"

"मामाजी, सहा महिने मीसुद्धा तिथे टोचून पाहणार नाही. तुम्ही बोट लावायचं नाही, आरशात ओठ वर करून पाहायचं नाही, समोरून चावायचं नाही, खर्रा बंद. आणि दात पक्का होईपर्यंत शीळ बंद. तुमची जीभ नेमकी त्याच दाताला रेटते."

त्यांनी खिशातली खर्ऱ्याची पुडी काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "लाव मंग पडदा."

ऑपरेशन नीट झालं. हलणारा दात शेजारच्या दातांना तारेने बांधून टाकला, टाके घातले, वरून गुलाबी लेप बसवला आणि आत्याबाईंना समोर बसवून, हळूहळू ओठ हलवत, पहारेकरी नेमलं. त्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की मामाजींचा हात मिशीकडे गेला तरी फटका बसायचा.

पुढचे महिने आमच्या घराला जड गेले. एका ठिकाणी हात लावायचा नाही म्हटल्यावर मामाजींनी बाकीच्या सगळ्या जगाला हात लावला. मिक्सर उघडला, रेडिओ उघडला, फवारणीचा पंप उघडला, शिलाई मशीन उघडली. माझा नवरा शाळेतून गावी गेला की आधी पाय कुठे ठेवायचा ते पाहायचा, कारण अंगणभर स्क्रू. मला दवाखान्यात फोन यायचे, "सूनबाई, आता आतमधी काय होऊन राह्यलं असंन?" मी पेशंटच्या तोंडात आरसा धरून ओरडायचे, "हाड येऊन राह्यलं!" "केवढं आलं?" "मामाजी, फोन ठेवा!" लोक खर्रा पुढे करायचे तर हे पुडी उघडायचे, वास घ्यायचे, बांधून परत करायचे. पण त्या दाताला, खरं सांगते, त्यांनी एकदाही बोट लावलं नाही. मनगटाचं प्लास्टर विळ्याने कापणारा हाच तो माणूस, यावर माझा विश्वास बसेना.

सुरुवातीला एकदाच घाबरगुंडी उडाली. माझ्या दवाखान्यात गर्दी, आणि मामाजी दारात, चेहरा पांढराफटक, हातात पळसाच्या पानाची पुडी. आत आले, पुडी माझ्यापुढे उघडली आणि म्हणाले, "मी हात नाई लावलो, सूनबाई. हिले विचार. भात खाता खाता हाड बाहेर आलं." मीही क्षणभर हबकले. पाहते तर गुलाबी लेपाचा तुकडा! तो तसाही एक-दोन दिवसांत काढायचाच होता. हे मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मटकन बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. हसावं की त्यांना पोटाशी धरावं, मला कळेना. हसले, कारण सासऱ्याला पोटाशी धरायची आमच्यात रीत नाही.

शीळ बंद झाल्यामुळे बांधीत मात्र एक नवीन अडचण झाली. आत्याबाई लांब असल्या तर त्यांना बोलवायचं कसं? मामाजींनी त्यावर साधा उपाय काढला. लांब जायचंच नाही. जन्मभर हे एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला, आणि मधे शीळ, असा त्यांचा संसार होता. आता हे त्यांच्या शेजारच्या ओळीत. चहा झाला की शीळ घालायच्या ऐवजी जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा, समोर उभं राहायचं, आणि ओठ नीट दिसतील असं सांगायचं. आता समोर उभं राहिलं की माणूस नुसतं "चहा" म्हणून परत फिरत नाही. आणखी काही बोलतो. कापणीच्या वेळी मी सुट्टीत गेले होते, तेव्हा दोघं धुऱ्यावर बसून काहीबाही बोलत होते. मामाजी बोलत, आत्याबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत, मधेच हसत. मी नवऱ्याला विचारलं, "हे काय एवढं बोलतात?" तो म्हणाला, "मी पण पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

सहा महिने झाले आणि दोघं दवाखान्यात आले. मी एक्स-रे काढला, कॉम्प्युटरवर जुना आणि नवा शेजारी शेजारी लावला, आणि माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खोल काळा खड्डा होता तिथे आता करडी, दाट सावली भरलेली. दाताला बांधलेली तार काढली, बोट लावून रेटलं. भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा घट्ट. मामाजी कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून किती वेळ पाहत होते. "हे सगळं न उघडता झालं?" असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि मी दोनदा हो म्हटलं. हात धुवायला म्हणून मी बाहेरच्या खोलीत आले, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, कोपऱ्यात ओढलं आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या.

आता बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं कसं असतं ते सांगायला नको. बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी माना वळवल्या.

"सूनबाई, पक्का झाला का वं दात?"

मी मान डोलावली.

"मंग त्यायले सांगू नोको. अजून हलते म्हण. चारक महिने शिटी नोको मारा म्हण." आणि मग जरा लाजून, तितक्याच मोठ्याने, "शिटी मारत होते तं दुरूनच मारत होते ना. आता जवळ येतेत."

मधल्या दाराला नुसता कापडी पडदा आहे, कवाड नाही. मी आत आले तेव्हा मामाजी खुर्चीत सरळ बसले होते, नजर समोर, दोन्ही हात मांडीवर. त्यांनी ऐकलं होतं, यात मला शंका नव्हती. पण मी डॉक्टर आहे. दात चांगला झाला हे पेशंटला सांगायला हवं, म्हणून मी तोंड उघडलं. त्याआधीच तेच बोलले.

"सूनबाई, थोडा हलते जी अजून."

मी म्हटलं, "मामाजी, आत्ता तर पाहिलं ना आपण..."

"हलते," ते म्हणाले. "मले माहीत नाई का? माहा दात आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या आत्याबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. मी मुद्दाम कडक चेहरा केला. दोघांना दिसेल असं, ओठ नीट हलवून सांगितलं, "हलतो थोडा. शीळ बंद. पुढे पाहू."

आत्याबाईंनी मोठ्या चिंतेने मान हलवली. मामाजींनी त्यांच्याहून मोठ्या चिंतेने. मग ते उठले, आत्याबाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि खांद्याला हलकेच हात लावून, समोर उभे राहून म्हणाले, "चल, गाडीची वेळ झाली."

हे होऊन दुसरा हंगाम लागला आहे. दात ठणठणीत आहे, दर खेपेला मी पाहते आणि दर खेपेला आम्ही तिघंही तो हलतो असं ठरवतो. आत्याबाईंचे कान आता आणखी गेले आहेत, शीळसुद्धा ऐकू येईल की नाही कोण जाणे. मामाजींना मी हे अजून सांगितलेलं नाही, आणि त्यांनीही विचारलेलं नाही. मोहफुलं वेचायला दोघं एकाच झाडाखाली बसतात.